मसावि काढायचा कसा: संख्यांपासून बैजिक राशींपर्यंत

२४ आणि ३६ यांचा मसावि १२ आहे हे तोंडी सांगणारी मुलं आठवीत १८क्ष³य² आणि २४क्ष²य⁴ समोर आले की थबकतात. अक्षरं आली म्हणजे नवीन काहीतरी आलं, असा त्यांचा समज होतो. प्रत्यक्षात दोन्हीकडे नियम एकच आहे. जे सगळ्यांत आहे तेच घ्यायचं आणि ज्याच्याकडे ते सर्वांत कमी आहे तितकंच घ्यायचं. हा नियम संख्यांवर पक्का बसला की बीजगणितात पाठ करण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून इथे संख्यांवर मुद्दाम जास्त वेळ घालवला आहे. घाई असली तरी तो भाग गाळू नका.

मसावि म्हणजे नेमकं काय

महत्तम साधारण विभाजक म्हणजे दिलेल्या सगळ्या संख्यांना निःशेष भागणारी सर्वांत मोठी संख्या. लहान संख्या असतील तर सरळ विभाजकांची यादी करावी.

२४ चे विभाजक: १, २, ३, ४, ६, ८, १२, २४
३६ चे विभाजक: १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, ३६

दोन्ही याद्यांत असलेले विभाजक १, २, ३, ४, ६, १२ आणि त्यांतला सर्वांत मोठा १२. इथे एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. हे सहाही सामाईक विभाजक १२ चेच विभाजक आहेत. हे नेहमीच खरं असतं, त्यामुळे एकदा मसावि हातात आला की बाकीचे सामाईक विभाजक वेगळे शोधावे लागत नाहीत.

यादी करताना जोडीने लिहायची सवय लावा: १ आणि २४, २ आणि १२, ३ आणि ८, ४ आणि ६. अशी जोडी लिहिली की मधला एखादा विभाजक राहून जात नाही.

उत्तराचा अंदाज घ्यायला दोन गोष्टी लक्षात ठेवा. मसावि सर्वांत लहान संख्येपेक्षा मोठा कधीच नसतो. आणि तो कोणत्याही दोन संख्यांमधल्या फरकालाही निःशेष भागतो. २४ आणि ३६ मधला फरक १२, म्हणजे मसावि १२ किंवा १२ चा एखादा विभाजक असणार, हे काहीही न मांडता कळतं. या दुसऱ्या गोष्टीचा पुढे फार उपयोग होणार आहे.

मूळ अवयव पाडून मसावि

८४, १२६ आणि २१० घेऊ. यादी करत बसलो तर पान भरेल. त्याऐवजी प्रत्येकीचे मूळ अवयव पाडू.

८४ = २ × २ × ३ × ७
१२६ = २ × ३ × ३ × ७
२१० = २ × ३ × ५ × ७

आता एकेक मूळ संख्या घेऊन विचारायचं: ही तिन्हींत आहे का, आणि सर्वांत कमी वेळा कुठे आहे?

२ ही ८४ मध्ये दोनदा आहे, पण १२६ आणि २१० मध्ये एकदाच. म्हणून एक २ घ्यायचा. ३ ही १२६ मध्ये दोनदा, बाकी दोन्हींत एकदा, म्हणून एक ३. ५ फक्त २१० मध्ये आहे. ८४ मध्ये ती नाही, म्हणून सोडून द्यायची. ७ तिन्हींत एकेकदा, म्हणून एक ७.

मसावि = २ × ३ × ७ = ४२

सर्वांत कमीच का घ्यायचं, हे मुलांना एकदा तरी करून दाखवावं. समजा, आपण हट्टाने दोन वेळा २ घेतला. मग उत्तर ८४ येईल. ८४ ने १२६ ला भागून पाहा, बाकी ४२ उरते. १२६ मध्ये दुसरा २ नाहीच, तर भाग जाईल कसा? हा भागाकार मुलाने स्वतः केला की नियम वेगळा घोकावा लागत नाही.

हेच काम उभ्या मांडणीत आणखी लवकर होतं. तिन्ही संख्या एका ओळीत लिहायच्या आणि तिन्हींना एकदम भागणारी संख्या डावीकडे लिहायची.

२ ने भागून: ४२, ६३, १०५
३ ने भागून: १४, २१, ३५
७ ने भागून: २, ३, ५

२, ३ आणि ५ यांना एकत्र भागणारी (१ सोडून) कोणतीही संख्या नाही, म्हणून थांबायचं. डावीकडच्या संख्यांचा गुणाकार ४२.

या मांडणीत सर्वाधिक घोळ होतो तो लसाविच्या (लघुतम साधारण विभाज्याच्या) सवयीमुळे. लसावि काढताना दोनच संख्यांना भाग गेला तरी आपण पुढे जातो. मसाविला तसं चालत नाही. ६, १० आणि १५ घेऊन पाहा. ६ आणि १० ला २ ने भाग जातो, १० आणि १५ ला ५ ने, ६ आणि १५ ला ३ ने. तरीही तिन्हींना एकत्र भागणारी संख्या फक्त १ आहे, म्हणून मसावि १. कोणत्याही दोन घेतल्या तर सामाईक अवयव सापडतो, तिन्ही घेतल्या तर नाही. या तीन संख्या मुलांना मुद्दाम द्याव्यात.

अवयव सापडतच नसतील तर भागाकार पद्धत

आता २४९१ आणि २१७३. दोन्ही विषम. अंकांची बेरीज अनुक्रमे १६ आणि १३, म्हणजे ३ ने भाग नाही. शेवटी ० किंवा ५ नाही. ७, ११, १३ करत करत बराच वेळ जाईल आणि हाती काही लागणार नाही. अशा वेळी मूळ अवयवांच्या मागे न लागता भागाकार करावा. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं. मग भाजक होता तो भाज्य करायचा आणि बाकी होती ती भाजक. बाकी शून्य येईपर्यंत हेच करायचं.

२४९१ = २१७३ × १ + ३१८
२१७३ = ३१८ × ६ + २६५
३१८ = २६५ × १ + ५३
२६५ = ५३ × ५ + ०

शून्य बाकी देणारा शेवटचा भाजक ५३. तोच मसावि. २४९१ = ५३ × ४७ आणि २१७३ = ५३ × ४१. चार भागाकारांत काम झालं आणि कुठेही अंदाज बांधावा लागला नाही.

हे का चालतं? जी संख्या २४९१ आणि २१७३ या दोघांना भागते, ती त्यांच्या वजाबाकीला, म्हणजे ३१८ ला, भागणारच. उलट, जी २१७३ आणि ३१८ ला भागते ती त्यांच्या बेरजेला, म्हणजे २४९१ ला, भागणारच. म्हणजे पहिल्या जोडीचे आणि दुसऱ्या जोडीचे सामाईक विभाजक अगदी तेच आहेत. दर पायरीला संख्या लहान होत जातात, मसावि मात्र बदलत नाही. माझ्या मते शालेय गणितातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी ही एक आहे. ती ‘पायऱ्या पाठ करा’ एवढ्यावर संपवली जाते याचं मनापासून वाईट वाटतं.

ही पद्धत फार जुनी आहे. इ. स. पू. ३०० च्या सुमारास ग्रीक गणितज्ञ युक्लिडने ती आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या भागात अगदी सुरुवातीलाच दिली. आपल्याकडे आर्यभटाने ४९९ साली कुट्टकाच्या (समीकरणांची पूर्णांकी उत्तरं शोधण्याच्या) रीतीत असाच परस्पर भागाकार वापरला. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त, कुट्टकाच्याच प्रकरणात, दोन संख्यांना एकमेकींनी भागत गेल्यावर शेवटी उरणारा शेष हाच त्यांना भागणारा सामाईक अंक असतो, असं स्पष्ट सांगितलं आहे. १८४४ साली गाब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिलं की लहान संख्येत जितके अंक असतील त्यांच्या पाचपटीपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. चार अंकी संख्येला फार तर वीस.

परीक्षेत वेळ कमी असेल तर फरकाचा उपयोग करा. २४९१ − २१७३ = ३१८ = २ × ३ × ५३. मसावि ३१८ चा विभाजक असणार. २ आणि ३ आधीच बाद झाले, म्हणून उरतो ५३. फक्त त्याने भाग जातो का ते तपासायचं, आणि नाही गेला तर मसावि १.

तीन संख्या असतील तर आधी दोघींचा मसावि काढा, मग तो आणि तिसरी संख्या यांचा.

शाब्दिक उदाहरणं

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्यांचं अडतं ते गणितात नव्हे, तर मसावि घ्यायचा की लसावि, हे ओळखण्यात. असलेल्या वस्तूंचे किंवा लांबीचे काही न उरता सारखे आणि मोठ्यात मोठे भाग करायचे असतील तर मसावि. घंटा, दिवे, एसटीच्या गाड्या पुन्हा एकत्र केव्हा येतील असं विचारलं तर लसावि.

फरशीचं उदाहरण घेऊ. दहा बाय बाराची खोली, कुठेही न कापता चौरस फरश्या बसवायच्या, फरशी मोठ्यात मोठी हवी. १० आणि १२ चा मसावि २, म्हणजे दोन फुटी फरशी. एका बाजूला ५, दुसऱ्या बाजूला ६, एकूण ३०. आता खोली साडेदहा बाय बारा करू. साडेदहाचा मसावि कसा काढणार? फूट सोडून इंचात या: १२६ आणि १४४. फरक १८, आणि १८ ने दोघांनाही भाग जातो. म्हणजे फरशी १८ इंची, ७ × ८ = ५६ फरश्या. अपूर्णांक आला की आधी एकक बदलून पूर्ण संख्या करून घ्या, मगच मसाविकडे वळा. (प्रत्यक्षात फरश्यांमध्ये सांधा सोडावा लागतो आणि खोल्याही काटकोनात नसतात, त्यामुळे गवंड्याला कटर लागतोच.)

बाकीची उदाहरणं दोन तऱ्हेची येतात. पहिली: अशी मोठ्यात मोठी संख्या सांगा जिने १४८ ला भागल्यास बाकी ४ आणि २४५ ला भागल्यास बाकी ५ उरते. बाकी आधीच वजा करा: १४४ आणि २४०. यांचा मसावि ४८. पडताळा: १४८ = ४८ × ३ + ४, २४५ = ४८ × ५ + ५. उत्तर दिलेल्या बाक्यांपेक्षा मोठं आहे ना, हेही पाहून घ्या. भाजक बाकीपेक्षा लहान असूच शकत नाही.

दुसरी तऱ्हा जास्त चकवते: ९७, १४५ आणि २१७ यांना भागल्यास प्रत्येक वेळी सारखीच बाकी देणारी मोठ्यात मोठी संख्या कोणती? बाकी किती ते दिलेलंच नाही. पण बाकी सारखी असेल तर वजाबाकीत ती उडून जाते. फरक काढा: १४५ − ९७ = ४८, २१७ − १४५ = ७२. ४८ आणि ७२ यांचा मसावि २४. तपासा: तिन्हींना २४ ने भागल्यावर बाकी १ उरते.

आणि एक सूत्र जपून वापरा. मसावि × लसावि = संख्यांचा गुणाकार, हे फक्त दोन संख्यांसाठी आहे. ४, ६, १० यांचा मसावि २, लसावि ६०, म्हणजे गुणाकार १२०. पण ४ × ६ × १० = २४०.

आता अक्षरं

१८क्ष³य², २४क्ष²य⁴ आणि ३०क्ष⁴य² यांचा मसावि काढू. क्ष³ म्हणजे क्ष × क्ष × क्ष. म्हणजे हे पद आधीच अवयव पाडून दिलेलं आहे! ८४ चे अवयव पाडायला कष्ट पडले होते, इथे घातांक वाचला की झालं.

आधी सहगुणक: १८, २४, ३० यांचा मसावि ६.
मग क्ष: घातांक ३, २, ४. सर्वांत लहान २, म्हणून क्ष².
मग य: घातांक २, ४, २. सर्वांत लहान २, म्हणून य².

मसावि = ६क्ष²य²

एखादं अक्षर एका जरी पदात नसेल तर ते मसावित येत नाही. वर २१० मधला ५ सोडला तसंच.

याचा मुख्य उपयोग बैजिक राशीचे अवयव पाडताना होतो. वर्गात सगळे ‘कॉमन काढा’ म्हणतात ते हेच.

१८क्ष³य² − २४क्ष²य⁴ + ३०क्ष⁴य²
= ६क्ष²य²(३क्ष − ४य² + ५क्ष²)

कंसातलं प्रत्येक पद मूळ पदाला मसाविने भागून येतं. सहगुणक भागायचे, घातांक वजा करायचे. पूर्ण मसावि काढला का, हे पाहायला कंसात पुन्हा डोकवा. ३, ४, ५ यांना भागणारी संख्या नाही आणि तिन्ही पदांत असलेलं अक्षर नाही, म्हणजे काम पूर्ण. कोणी घाईने ३क्षय काढलं असतं तर कंसात ६, ८, १० राहिले असते आणि २ अजून बाहेर यायचा आहे हे लगेच दिसलं असतं.

दोन ठिकाणी हमखास गुण जातात. पहिलं हे:

७क्ष²य + १४क्षय² + ७क्षय = ७क्षय(क्ष + २य + १)

शेवटचा १ लिहायला मुलं विसरतात. ७क्षय ला ७क्षय ने भागल्यावर काहीच उरत नाही असं त्यांना वाटतं. पण भागाकार १ येतो, शून्य नाही. मूळ राशीत जितकी पदं, तितकीच कंसात हवीत. मोजून पाहायची सवय लावली की ही चूक बंद होते.

दुसरं ठिकाण म्हणजे ऋण चिन्ह. पहिलं पद ऋण असेल तर ऋण चिन्हही बाहेर काढावं, पुढचं काम सोपं होतं. मात्र तसं केल्यावर कंसातल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं.

−१२अ²ब + २०अब² = −४अब(३अ − ५ब)

पूर्ण कंसच सामाईक असेल तर

सामाईक अवयव एखादी संख्या किंवा एकच अक्षर असलं पाहिजे असं नाही. ५क्ष(अ + ब) − ३(अ + ब) मध्ये (अ + ब) हाच सामाईक आहे, म्हणून (अ + ब)(५क्ष − ३). कंसाला एखाद्या अक्षरासारखं वागवा.

कधी कंस जवळजवळ सारखे असतात. ३क्ष(अ − ब) + २य(ब − अ) पाहा. (ब − अ) म्हणजे −(अ − ब). म्हणून राशी झाली ३क्ष(अ − ब) − २य(अ − ब) = (अ − ब)(३क्ष − २य).

आणि कधी सगळ्या पदांचा मसावि १ असतो, तरी निराश व्हायचं कारण नसतं. क्ष³ + २क्ष² + ३क्ष + ६ यात चारही पदांत सामाईक काही नाही. पण दोन-दोनचे गट केले तर:

क्ष²(क्ष + २) + ३(क्ष + २) = (क्ष + २)(क्ष² + ३)

दोन बहुपदींचा मसावि

क्ष² − ९ आणि क्ष² + क्ष − ६ यांचा मसावि काढताना पदांकडे न पाहता पूर्ण बहुपदीचे अवयव पाडायचे.

क्ष² − ९ = (क्ष + ३)(क्ष − ३)
क्ष² + क्ष − ६ = (क्ष + ३)(क्ष − २)

मसावि क्ष + ३. आता जरा थांबा आणि दुसऱ्या बहुपदीतून पहिली वजा करा: (क्ष² + क्ष − ६) − (क्ष² − ९) = क्ष + ३. फरकातच मसावि मिळाला! २४९१ आणि २१७३ वर वापरलेला परस्पर भागाकार बहुपदींवरही तसाच चालतो. सायमन स्टेविन या फ्लेमिश गणितज्ञाने तो १५८५ साली बहुपदींना लावून दाखवला. अवयव पटकन सुचत नसतील तेव्हा हा मार्ग मोकळा आहे, हे नववी-दहावीच्या मुलांना जरूर सांगावं.

पडताळ्यासाठी क्ष ला एखादी किंमत द्या. क्ष = ५ घेतलं तर बहुपदींच्या किमती १६ आणि २४, आणि क्ष + ३ ची किंमत ८. १६ आणि २४ दोघांनाही ८ ने भाग गेला पाहिजे, तसा जातो. जर भाग गेला नसता तर कुठेतरी अवयव चुकले आहेत हे समजलं असतं. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की एका किमतीला भाग गेला म्हणून उत्तर बरोबरच आहे असं ठरत नाही. दोन-तीन किमती घालून पाहाव्यात.

अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देतानाही हेच उपयोगी पडतं:

(क्ष² − ९) / (क्ष² + क्ष − ६) = (क्ष − ३) / (क्ष − २)

हे करताना वरचा क्ष² आणि खालचा क्ष² एकमेकांना ‘कापायचे’ नाहीत. ती बेरजेतली पदं आहेत, अवयव नाहीत. कापता येतो तो फक्त पूर्ण अंशाचा आणि पूर्ण छेदाचा सामाईक अवयव. क्ष = ५ ठेवून पाहा: डावीकडे १६/२४ म्हणजे २/३, उजवीकडेही २/३. क्ष² कापून उरलेल्या −९/(क्ष − ६) ची किंमत मात्र ९ येते. आणि सुरुवातीच्या अपूर्णांकात क्ष ची किंमत −३ किंवा २ घेता येत नाही, कारण छेद शून्य होतो. संक्षिप्त रूपात −३ ची अट दिसेनाशी होते, म्हणून उत्तराशेजारी ती लिहून ठेवावी.